स्वयंपाकघराचे आरक्षण

जी वस्तू कोणी पाहत नाही ती आहे की नाही, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गात विचारला, की विद्यार्थी खिडकीबाहेर पाहू लागत. मग सर म्हणत, "खिडकीबाहेरच्या जगाची आता चिंता नाही. सारा वर्ग तिकडेच पाहत आहे." निवृत्तीनंतर हाच प्रश्न आपल्या घराच्या मागच्या अंगणाशी येऊन, तोही नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी, आपली वाट अडवील, असे मात्र त्यांच्या स्वप्नीही नव्हते.

वसाहतीत सरांना 'प्रमाणसर' म्हणत. कोणी कसलेही विधान केले, अगदी "आज उकडतंय" एवढे निरुपद्रवी जरी केले, तरी सरांचा चष्मा नाकावरून किंचित खाली येई आणि ते सौम्यपणे विचारीत, "प्रमाण काय?" त्यामुळे वसाहतीतील माणसे त्यांच्यासमोर हवापाण्याविषयीसुद्धा जपून बोलत. हे नाव आपल्या पाठीमागे घेतले जाते, हे सरांना ठाऊक होते. आणि ते आदराने घेतले जाते, अशी त्यांची समजूत होती. या समजुतीला प्रमाण काय, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते.

वसाहतीच्या मागे एक मोकळी जागा होती. तिला नाव नव्हते, कुंपण नव्हते आणि कोणी मालकी सांगितलेलीही कोणाच्या ऐकिवात नव्हती. दोन वाकडी झाडे, कोणे एके काळी कोणीतरी आणून टाकलेला आणि मग विसरलेला सिमेंटचा एक प्रचंड नळा, आणि पायांनी मळून तयार झालेली एक वाट, एवढेच तिचे वैभव. सकाळी तिथे वाळवणाच्या दोऱ्या लागत, संध्याकाळी नळ्यावर म्हातारी मंडळी बसत, आणि मधल्या वेळात ती जागा नुसती पडून राही; जसे आपण सगळेच मधल्या वेळात पडून राहतो.

नगरपालिकेने नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा या जागेला राखाडी रंग दिलेला आढळला. बाजूच्या सूचीत राखाडी रंगाचा अर्थ दिला होता: 'पडीक, वापरात नसलेली.' आणि त्या राखाडीवर तिरप्या रेघा मारून लिहिले होते: 'प्रस्तावित आरक्षण, कचरागाड्यांचा तळ.'

सरांनी ते वाचले. कचऱ्याच्या वासाचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही. त्यांच्या मनात आला तो काकूंचा गुडघा. काकू म्हणजे सरांच्या सहधर्मचारिणी. सारी वसाहत त्यांना काकू म्हणत असे. त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी बजावले होते की रोज चालायचे, पण सपाट मातीवर. रस्त्यावर नको, जिन्यावर नको, आणि चालणे सुटले तर गुडघा धरलाच म्हणून समजा. समोरच्या रस्त्यावर वाहनांची अशी रीघ, की धडधाकट माणसानेही तो ओलांडण्याआधी घरच्यांचा निरोप घ्यावा. सपाट माती म्हणून जी काय होती, ती मागेच होती.

रोज संध्याकाळी दोघे तिथे जात. सर आपल्या वेगाने चालत, कारण चालणे हे त्यांच्या मते चिंतनाचे साधन होते आणि चिंतनाला सोबत लागत नाही. "ती तिच्या गुडघ्यासाठी चालते, मी विचारासाठी चालतो," असे ते सगळ्यांना सांगत. मधूनच मागे येऊन ते विचारीत, "किल्ली तुझ्याकडे आहे ना?" काकू म्हणत, "आहे." सर पुन्हा पुढे जात. थोड्या वेळाने परत येऊन म्हणत, "नाही, किल्ली म्हटलं." काकू म्हणत, "आहे हो." इतक्या विद्वान माणसाची किल्लीच्या बाबतीत स्मरणशक्ती इतकी दुबळी कशी, याचे काकूंनी आश्चर्य करणे केव्हाच सोडून दिले होते.

सरांनी वसाहतीची सभा बोलावली. सभेला तीन माणसे आली. एक स्वतः सर. दुसरे वसाहतीचे सेक्रेटरी, ज्यांना येणे भागच होते, कारण सभा त्यांच्याच गच्चीवर होती. आणि तिसरे शेजारचे पूलसाहेब, म्हणजे हयातभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनियर. ते आले ते घरची वीज गेली होती म्हणून. ती आली तसे ते गेले. जाता जाता म्हणाले, "सर, नगरपालिकेच्या कागदावर रंग असतातच. मी बांधलेला एक पूल त्यांनी बरीच वर्षं तळं म्हणून दाखवला होता. गाड्या जातच होत्या की त्यावरून."

शेवटी सर एकटेच नगर नियोजनाच्या कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीने त्यांना दुसऱ्या खिडकीकडे पाठवले आणि दुसरीने पुन्हा पहिलीकडे. सर दोन्ही खिडक्यांच्या मधोमध उभे राहून शांतपणे म्हणाले, "याला अन्योन्याश्रय म्हणतात. हा दोष आहे." दोन्ही खिडक्यांना तो तक्रारीचा प्रकार वाटला असावा; कारण लगेच आतून एका तरुण बाईंना बोलावण्यात आले. त्यांच्या टेबलावर एक भला मोठा पडदा होता आणि त्यावर सारे शहर रंगीबेरंगी तुकड्यांत पसरले होते. सरांनी मनातल्या मनात त्यांचे नाव 'नकाशाबाई' ठेवून टाकले.

नकाशाबाईंनी एक कळ दाबली आणि शहरावरून सारी घरे उचलली गेली. दुसरी दाबली, रस्ते गेले. मग झाडे गेली, नळ गेले, आणि खाली नुसती उंचसखल भूमी तेवढी उरली.

"हे सगळे थर आहेत, सर," त्या म्हणाल्या. "एकावर एक ठेवायचे. कुठं पाणी साचतं, कुठं वस्ती दाट आहे, कुठं शाळा लांब पडते, ते एकत्र पाहिलं की कळतं. मग ठरवायचं कुठली जमीन कशासाठी."

सरांचे हात नकळत जोडले गेले. सत्यावर जे नाही त्याचा आधी आरोप करावा आणि मग एकेक करून तो दूर सारावा, म्हणजे खाली सत्य उरते, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पुस्तकांत वाचले होते. ते कळ दाबून होते, हे त्यांना आजच दिसले. थोडा वेळ ते कशासाठी आलो आहोत हेही विसरले. मग राखाडी तुकडा दिसला आणि आठवण झाली.

"ही जागा वापरात नाही, याला प्रमाण काय?"

"उपग्रहाचा फोटो. कुठल्याच फोटोत तिथं कोणी नाही."

"फोटो केव्हा काढतात?"

"भर दुपारी. तेव्हा सावल्या कमी पडतात."

"बाई, भर दुपारी मीदेखील वापरात नसतो."

नकाशाबाई हसल्या. "म्हणून तर हरकती मागवतो, सर. पण नुसता अर्ज चालणार नाही. जागेची हद्द आणि तिचा वापर, दोन्ही आमच्या अॅपमधून नकाशावर यायला हवं. सोपं आहे. अॅप सुरू करायचं, हद्दीवरून चालायचं, जिथून निघालात तिथं परत यायचं आणि 'पूर्ण' दाबायचं. तुम्ही कुठं थोडा वेळ थांबलात तर ते विचारेल, 'येथे काय चालते?' खालच्या यादीतून निवडायचं. फक्त मध्ये कुठं वळू नका. तुमची वाट हीच हद्द धरली जाते."

"मध्ये कोण कशाला वळेल?" सर म्हणाले.

हे वाक्य त्यांना पुढे अनेक वेळा आठवावे लागले.

सर जागा मोजणार ही वार्ता वसाहतीत पसरली आणि सभेला न आलेली माणसे सल्ला द्यायला आली. आपल्या लोकांचा हा स्वभावच आहे. मदतीला हात दोन, सल्ल्याला मात्र तोंडे दहा. पूलसाहेब म्हणाले, "फोन डोक्याच्या वर धरा. उपग्रहाला तुम्ही दिसायला हवेत." सेक्रेटरी म्हणाले, "गळ्यात काहीतरी ओळखपत्र घाला, सर. नुसता माणूस चालताना दिसला की लोक विचारतात, काय हरवलं का." तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या शिवणमावशींनी मात्र बोलणे कमी आणि काम जास्त केले. त्यांनी फोन छातीशी राहावा म्हणून एक पिशवी शिवून दिली. कापड पडद्याचे उरलेले होते आणि त्यावर मोठाली जांभळी फुले होती. ज्याने आयुष्यभर पांढऱ्या सदऱ्याखेरीज काही घातले नाही, तो पुरुष छातीवर जांभळी फुले मिरवीत मोहिमेवर निघाला. काकूंनी दारातून पाहिले आणि पदर तोंडाला लावला. सरांना तो भावनावेग वाटला.

आता जे घडले त्यात सरांचा दोष कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे. मनुष्य हद्दीवरून चालत असावा, आणि हद्दीला लागून ज्यांची दारे आहेत त्यांनी प्रेमाने हाक मारावी, तर सुसंस्कृत माणसाने काय करावे? उपग्रहासाठी शेजारधर्म सोडावा?

पूलसाहेबांच्या स्वयंपाकघराचे दार मागच्या जागेवरच उघडते. ते दारात उभे होते. "सर, चहा ओतलाय. हद्द काय पळून जातेय?"

सर आत गेले. स्टुलावर बसले. चहा झाला, पुलांचा विषय निघाला, पुलांचे विषय लांबतात. छातीवरची फुले थरथरली. सरांनी फोन काढून पाहिले. पडद्यावर प्रश्न होता: 'येथे काय चालते?'

सर असत्य लिहिणाऱ्यांतले नव्हते. यादीत पहिला पर्याय 'निवास' होता. पण आपण येथे निवास करीत नाही, हे उघड होते. 'शेती' नाही. 'उद्योग' म्हणावा तर पूलसाहेब निवृत्त. 'सार्वजनिक विश्रांतिस्थान' या पर्यायावर सरांचे बोट थांबले. आपण विश्रांती घेत आहोत, हे प्रत्यक्ष होते. आपण जनतेपैकी आहोत, हे निर्विवाद होते. सरांनी तेथे बोट टेकवले.

पुढे शिवणमावशींनी खिडकीतून हाक मारली. पिशवीचा बंद सैल दिसत होता, तो त्यांना बघवेना. सर त्यांच्या खोलीत उभे राहिले. मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या आणि चार बायका ब्लाउजच्या गळ्यावरून वाद घालीत होत्या. फोनने विचारले. सरांनी कान देऊन ऐकले आणि 'सभागृह' निवडले.

मग नळ्याजवळच्या चिखलात त्यांचा पाय रुतला. सेक्रेटरी वरून ओरडले, "सर, तसेच कुठं निघालात? वर या, पाय धुवा." सर जिना चढून वर गेले आणि सेक्रेटरींच्या न्हाणीघरात त्यांनी पाय धुतले. चिखल चिवट होता, वेळ लागला. फोनने विचारले, 'येथे काय चालते?' यावेळी सरांना विचारही करावा लागला नाही. अगदी नेमका पर्याय यादीत होता.

जिथून निघाले तिथे येऊन त्यांनी 'पूर्ण' दाबले. पडद्यावर आभार आले. काकूंनी विचारले, "झालं का नीट?" सर म्हणाले, "शास्त्रशुद्ध."

काही दिवसांनी पत्रे आली.

नगरपालिकेचे यंत्र माणसांपेक्षा तत्पर होते. हद्दीत जी जी मालमत्ता येईल, तिच्या धारकाला ते आपसूक सूचना धाडी. संध्याकाळी सरांच्या दारात वसाहत जमली. जिन्यात उभे राहायला जागा नव्हती. पुढे पूलसाहेब होते आणि त्यांच्या हातात कागद होता.

"वाचतो," पूलसाहेब म्हणाले. "'आपल्या ताब्यातील स्वयंपाकघर हे नागरिकांकडून सार्वजनिक विश्रांतिस्थान म्हणून वापरले जात असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वापर अबाधित ठेवण्याच्या दृष्टीने ते आरक्षित करणे प्रस्तावित आहे.' सर, आमची ही विचारतेय, आता फोडणी द्यायची तर परवानगी कुणाची घ्यायची?"

"एक चहा दिला हो यांनी," मागून पूलसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "तोही मीच केला होता."

शिवणमावशी म्हणाल्या, "माझ्या खोलीला सभागृह म्हटलंय. आसनक्षमता कळवा म्हणतात. दोन स्टुलं आहेत, सर. एकाचा पाय हलतो."

सेक्रेटरी बोलत नव्हते. ते बोलत नाहीत हे सगळ्यांच्या लक्षात आले आणि जिना हळूहळू शांत झाला. मग ते अत्यंत संथपणे म्हणाले, "आज सकाळी एका गृहस्थांनी बेल वाजवली. अनोळखी. फोनवर नकाशा बघत आले होते. म्हणाले, इथं सोय आहे ना?"

"मग?" कोणीतरी विचारले.

"मग काय. घाईत होते बिचारे. जाऊ दिलं."

सरांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "याला अतिव्याप्ती म्हणतात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गाईची व्याख्या करताना शिंगं असलेला प्राणी असं म्हटलं, की म्हैस आत येऊन बसते. पहिल्या वर्षाला मी हेच शिकवायचो."

"आमचं स्वयंपाकघर म्हणजे म्हैस का?" पूलसाहेबांच्या पत्नींनी विचारले.

आता भांडण पेटणार, इतक्यात आतून काकू आल्या, एक हात भिंतीला लावीत. त्यांनी जिन्यावर खालपर्यंत नजर टाकली. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळे तो ऐकायला लोक गप्प होत.

"मागच्या सभेला तीन माणसं आली होती," काकू म्हणाल्या. "त्यातला एक घरचा, आणि एक वीज येईपर्यंत. आज सगळे आलात. ज्यांना पत्र आलं नाही तेसुद्धा आलात. आता आलाच आहात, तर बसा. स्वयंपाकघर जातंय म्हणून तुम्ही आलात. मागची जागा जातेय म्हणून कोणी आलं नव्हतं. सूनबाईंनो, दोऱ्या कुठं बांधणार आहात? पूलभाऊजी, तुम्ही त्या नळ्यावर नाही बसलात तर घरात किती वेळ बसाल, आणि यांना ते किती वेळ चालेल?"

पूलसाहेबांच्या पत्नींनी चटकन मान हलवली. म्हणजे चालणार नव्हते.

त्याच सभेत, जिन्यातच, एकमताने मोहिमेची सूत्रे काकूंकडे गेली. सरांच्या कामगिरीचा उल्लेख कोणी केला नाही. हा अनुल्लेख सरांना शिव्यांपेक्षा जास्त लागला. शिव्यांना निदान उत्तर देता येते.

काकू नकाशाबाईंना भेटल्या. सर पिशवी सांभाळायला म्हणून बरोबर गेले. नकाशाबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरं मी सुनावणीत काढून टाकीन, काळजी नको. पण मग तुमच्याकडं प्रमाण उरत नाही. असं करा, अॅपमध्ये 'माग' म्हणून एक सोय आहे. तिथं जाणाऱ्या प्रत्येकानं फोन खिशात ठेवून ती सुरू ठेवायची. हद्द बिद्द काढायची नाही, काही निवडायचं नाही. नेहमीसारखं वागायचं. माणसं जिथं फिरतात, तिथं रेघा उमटतात. रेघा दाट झाल्या की ती जागा पडीक म्हणता येत नाही."

"नेहमीसारखं वागायचं," काकूंनी सरांकडे पाहून पुन्हा सांगितले. "ऐकलंत ना?"

त्यानंतर वसाहतीत एक नवीच शिस्त आली. दोऱ्यांवर कपडे टाकायला जाणाऱ्या बायका कमरेला फोन खोचून जाऊ लागल्या. नळ्यावर बसणाऱ्यांत कोणाचा माग लांब, यावरून चुरस लागली, आणि पूलसाहेब बसल्या बसल्या हात हलवू लागले, तेव्हा काकूंनी त्यांना दम दिला. सरांना तांत्रिक कामाला हात लावायला बंदी होती. माग सुरू करणे आणि बंद करणे, दोन्ही काकू करीत. सरांनी तो फोन फक्त खिशात वाहायचा. भारवाही पशूलाही ओझ्याची कल्पना असते. सरांना तेवढीही मुभा नव्हती. ते मुकाट्याने आपल्या वेगाने चालत, चिंतन करीत, आणि मधूनमधून किल्लीची चौकशी करीत.

सुनावणीचा दिवस आला. नगरपालिकेचे सभागृह, जुन्या खुर्च्या, समोर पडदा. मध्यभागी सुनावणी अधिकारी होते, एका बाजूला नकाशाबाई आणि दुसऱ्या बाजूला वाहन विभागाचे साहेब, ज्यांच्या गाड्यांना तळ हवा होता. ते मनुष्य वाईट नव्हते. त्यांच्या गाड्या खरोखरच रस्त्यावर उभ्या राहत आणि लोक त्यांनाच शिव्या देत.

नकाशाबाईंनी प्रथम चुकीची हद्द दाखवली. सभागृहातील दुसऱ्या वस्त्यांचे लोक हसले. मग त्यांनी एकेक करून काढायला सुरुवात केली. सेक्रेटरींचे न्हाणीघर गेले. शिवणमावशींचे 'सभागृह' गेले. पूलसाहेबांचे स्वयंपाकघर शेवटी गेले, तेव्हा ते काकूंच्या कानाशी पुटपुटले, "खरं सांगू का वहिनी, इतक्या वर्षांत आमच्या घरातली कुठलीच गोष्ट आरक्षित झाली नव्हती. जरा बरं वाटत होतं."

मग मागांचा थर आला. राखाडी तुकडा क्षणात रेघांनी भरून गेला. दोऱ्यांपाशी आडव्या उभ्या, नळ्याभोवती गुंतवळ, आणि कडेने मळलेल्या वाटेवर इतक्या दाट, की ती वाट जणू पुन्हा पायांनी काढली होती. वसाहतीची माणसे आपापली रेघ शोधू लागली, वर्गाच्या फोटोत आपला चेहरा शोधावा तशी.

वाहनसाहेब उठले. "एक शंका आहे." त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. "ही हिरवी रेघ बघा. पुढं जाते, मागं येते, पुढं जाते, मागं येते. रोज. अशी कोणी माणसं चालत नाहीत. एक तर यंत्र बिघडलंय, नाहीतर जागा भरलेली दिसावी म्हणून कोणीतरी मुद्दाम येरझाऱ्या घातल्यात. एक माग बनावट असेल, तर बाकीचे खरे आहेत याला प्रमाण काय?"

सुनावणी अधिकाऱ्यांनी पेन उचलले. "हा माग कोणाचा?"

काकू सरांकडे पाहत होत्या. सर पडद्याकडे पाहत होते. प्रमाण मागणाऱ्याला प्रमाण द्यावे लागते, हा न्याय आहे. पण तो भरसभेत, आणि तोही स्वतःच्या पायांविषयी द्यावा लागेल, हे कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नव्हते. ते सावकाश उभे राहिले.

"हा माग माझा."

"आपण मुद्दाम येरझाऱ्या घालत होतात?" वाहनसाहेबांनी विचारले.

"मुद्दाम," सर म्हणाले. मग थांबले. "पण जागेसाठी नव्हे."

"मग कशासाठी?"

सरांनी घसा साफ केला. "किल्ली विचारायला," ते शेवटी म्हणाले.

सभागृहात हसू पसरले. वाहनसाहेबही हसले. "रोज, इतक्या वेळा, किल्ली?"

नकाशाबाई हसल्या नव्हत्या. त्या पडद्याकडे निरखून पाहत होत्या. त्यांनी बाकी सारे माग एकेक करून मालवले. हिरवी रेघ तेवढी उरली. मग त्यांनी तिच्याखाली आणखी एक पेटवली, तांबडी. ती काकूंची होती. ती सरळ होती, संथ होती, आणि जागोजागी तिला बारीक गाठी होत्या.

"साहेब, या गाठी म्हणजे थांबे," नकाशाबाई म्हणाल्या. "ही तांबडी रेघ चालता चालता थांबते. आणि बघा, जिथं जिथं तांबडी थांबलीय, तिथं तिथं हिरवी परत आलीय. एकही गाठ सुटलेली नाही. तांबडी चालायला लागली, की मगच हिरवी पुढं जाते."

सर हळूच खुर्चीत बसले. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. अपवाद नाही म्हणून व्याप्ती सिद्ध. वर्षानुवर्षे त्यांनी हेच फळ्यावर लिहिले होते. स्वतःवर ते कोणी सिद्ध करील, अशी कल्पना नव्हती.

सुनावणी अधिकाऱ्यांनी काकूंना विचारले, "आपण का थांबत होतात?"

"गुडघा दुखायचा," काकू म्हणाल्या. "कोणाला कळू नये म्हणून झाडाकडं बघत थांबायची. यांना तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर चालायला येऊ दिलं नसतं." त्यांनी क्षणभर सरांकडे पाहिले. "मला वाटायचं, हे विसरतात."

वाहनसाहेबांनी पडद्याकडे पाहिले, मग आपल्या कागदांकडे. "माझा आक्षेप नाही," ते म्हणाले. "माग खरा आहे. माझे वडील असेच चष्मा विचारायला परत यायचे." आणि मग जरा त्रासिक स्वरात, "पण माझ्या गाड्या मी कुठं लावू, ते कोणी सांगेल का?"

याचे उत्तर मात्र नकाशाबाईंकडे होते. त्यांनी थर बदलले, रुंद रस्ते ठेवले, घरे दूर सारली, आणि शहराच्या कडेला बंद पडलेल्या एका गोदामाचे आवार दाखवले. त्यावर एकही रेघ नव्हती. वाहनसाहेबांनी मान डोलावली. सुनावणी अधिकाऱ्यांनी राखाडी तुकड्यावर हिरवा रंग भरायला सांगितला, आणि अंतिम आराखड्यात तो तसाच राहिला.

त्या संध्याकाळी वसाहतीच्या मागे बरीच गर्दी होती. पूलसाहेब नळ्यावर बसून दुसऱ्या वस्तीच्या लोकांना समजावीत होते की अतिव्याप्ती ही सरांची युद्धनीती होती. शिवणमावशींनी जांभळ्या फुलांची पिशवी परत मागितली आणि सरांनी ती देण्याचे टाळले. सेक्रेटरींनी बेलखाली पाटी लावली होती: 'इथे सोय नाही.'

काकू चालायला निघाल्या. सर बरोबर निघाले. वाटेच्या तोंडाशी काकू थांबल्या, त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि सरांच्या हातात ठेवली.

"घ्या. आता तुमच्याकडंच ठेवा. आता कशाला परत याल ते बघते."

सरांनी किल्लीकडे पाहिले, ती खिशात घातली आणि आपल्या वेगाने पुढे गेले. चिंतनाला सोबत लागत नाही. पहिल्या वाकड्या झाडापर्यंत पोचले, तेव्हा मागची पावले थांबल्याचे त्यांना ऐकू आले. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग वळले आणि परत आले.

काकू झाडाकडे पाहत होत्या.

"नाही, म्हटलं," सर म्हणाले, "गॅस बंद केला आहेस ना?"